घरातल्या तीन सुट्ट्या

दिवाळी जवळ आली की कुंभारीत ज्याच्या त्याच्या तोंडी तेच प्रश्न असतात. बोनस कधी, विडी कंपनीची ब्रँच कधी बंद होणार, पोरांच्या शाळेला सुट्टी कधीपासून. सोलापूरहून अक्कलकोटला जाणाऱ्या रस्त्यावरचं हे आमचं गाव. इथे कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार महिलांसाठी १०,००० घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या घरांचं वाटप झालं. पुढे असंघटित कामगारांसाठी रे नगर झालं. तिथल्या १५,००० घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिल्या गेल्या. आमचं घर जुन्या वसाहतीतलं, आईच्या नावावरचं. आई आणि बायको दोघी विड्या वळतात. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे.

एका वर्षी दसऱ्याला मी घरात जाहीर करून टाकलं की दिवाळीत कोकणात जायचं. पोरांनी समुद्र पाहिलेला नव्हता. खरं सांगायचं तर मीही नीटसा पाहिलेला नव्हता. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट उतरून रत्नागिरी आणि गणपतीपुळे असा रस्ता मी कागदावर लिहून काढला. ओळखीतल्या जीपवाल्याला विसार दिला. पोरं नाचायला लागली. आई आणि बायको काहीच बोलल्या नाहीत, आणि तो होकार आहे असं मी समजलो. पुढचं सगळं बिघडलं ते या एका समजुतीमुळे.

आमच्या घरात एकाच वेळी तीन सुट्ट्या असतात. शाळेची सगळ्यांत लांब. कारखान्याची त्याहून कमी. ब्रँचची सगळ्यांत थोडी, लक्ष्मीपूजन ते भाऊबीज एवढीच. मी तारखा धरल्या त्या माझ्या कारखान्याच्या. ब्रँच कधी बंद होणार आणि कधी उघडणार, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. आयुष्यभर विडीच्या घरात राहिलेल्या माणसाने हे विसरावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

कारण विडीचा हिशेब हजारावर चालतो. हजार विड्या वळल्या तर मजुरी, नाहीतर नाही. आदल्या रात्री पानं भिजवायची, सकाळी पत्रा ठेवून कात्रीने कापायची, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. तेवढं करून ब्रँचला नेलं की तिथे तपासणी होते आणि नापास विड्या छाट म्हणून बाजूला पडतात. प्रवासाचे दिवस म्हणजे दोघींच्या दृष्टीने मजुरी बुडण्याचे दिवस. ती भरपाई निघण्याआधीच करून ठेवायची, असं दोघींनी आपसात ठरवलं. मला सांगितलं नाही.

रात्री मला जाग आली की बाहेरच्या खोलीत दिवा दिसायचा. सुपं मांडीवर घेऊन दोघी बसलेल्या असायच्या. नववीतली मुलगी परीक्षा तोंडावर असताना पानं कापून द्यायची. हे सगळं मी पाहिलं आणि मला वाटलं, जाण्याचा उत्साह आहे म्हणून कामाला हुरूप आलाय. दिसत होतं, पण कळून घेतलं नाही. त्यात दिवसा घर झाडणं, डबे घासणं, चकलीची भाजणी हे होतंच. ते कोण करतंय इकडेही माझं लक्ष नव्हतं. दमलेल्या हातांनी वळलेल्या विड्यांत छाटही जास्त निघाली, म्हणजे जागरणाचा काही भाग वायाच गेला.

पैशाची चूक तर याहून मोठी. विडी कामगारांसाठीच्या १९६६ च्या कायद्यात दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजेची तरतूद होती. आमच्या घरात ती रजा कधीच विश्रांती म्हणून आली नाही. तिचे पैसे दिवाळीच्या बोनसबरोबर यायचे आणि ते आईच्या हिशेबात आधीच वाटले गेलेले असायचे. भिशीचा हप्ता, किराण्याची उधारी, माझ्या बहिणीची भाऊबीज. मी मात्र ते पैसे जीपच्या भाड्यात धरले होते. न विचारता. आईने बोनस आणून माझ्या हातात ठेवला तेव्हा मी मोजून खिशात घातला.

भाऊबीजेच्या दिवशी आम्ही गणपतीपुळ्यात होतो. बहीण दरवर्षी माहेरी येते, त्या वर्षी ती आलीच नाही. बायकोचा भाऊ अक्कलकोट तालुक्यात असतो, त्याच्याकडे तिचं जाणं राहिलं. समुद्रावर पोरं लाटांत पळत होती आणि आई वाळूत चादर अंथरून गाढ झोपली होती. मी तिला उठवून म्हणालो, "आई, एवढ्या लांब आलो, बघ तरी." ती म्हणाली, "बघितलं की रे. आता जरा पडू दे." परतीच्या वाटेवर बायको एकच वाक्य बोलली, "अहो, आम्हाला कुठं जायचंय ते तुम्ही विचारलंच नाही." तेव्हा कुठे मला सगळा हिशेब उमगला. घरी आल्यावर बहिणीला फोन करून मी माफी मागितली. आईचे पैसे परत करायला मला पुढचे काही पगार लागले.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधीच दोघींना विचारलं. दोघींचं उत्तर एकच होतं. ब्रँच बंद असेल तेवढे दिवस घरात एकही पान भिजायला नको, आणि त्या दिवसांची भरपाई आधीच्या रात्रींतून काढायला नको. एवढंच मागणं होतं. साफसफाई मी आणि पोरांनी केली. शंकरपाळी कातायला मी बसलो. भाऊबीजेला बहीण आली, बायको माहेरी जाऊन आली.

एक दिवस मात्र सगळे बाहेर पडलो, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेऊन, आमच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या हत्तरसंग कुडलला. तिथे भीमा आणि सीना यांचा संगम आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ मधला शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. मुलगी ती अक्षरं लावत बराच वेळ उभी राहिली. आई संगमावर पाय पाण्यात सोडून बसली आणि तिथल्या बायकांशी कानडीत गप्पा मारत राहिली. संध्याकाळी घरी येताना ती जागी होती आणि बोलत होती.

ज्या घरांत बायका विडी, शिलाई, पापड असं नगावर मोजलं जाणारं काम करतात, त्या घरांतल्या पुरुषांना माझं सांगणं आहे. गाडीवाल्याला विसार देण्याआधी घरात बसून विचारा की तुमचं काम कधी थांबतं, त्या दिवसांची मजुरी कुठून येणार आणि हातात पडणारे पैसे कशासाठी ठेवलेत. उत्तर मिळेपर्यंत तारीख ठरवू नका.