हे बिहारचं औरंगाबाद नव्हे

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

पाऊस एकदाचा उघडला. सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटलं आणि त्यात दसऱ्याची बरीचशी बुकिंगं वाहून गेली. त्याचा दोष कुणाला द्यायचा? पण दिवाळीच्या सुट्ट्यांची चौकशी एव्हाना सुरू झालेली असते. यंदा फोन गप्प आहे आणि दोन्ही गाड्या दारात उभ्या.

साइटचा हिशोब उघडून बसलो. एक रकाना सांगतो, शोधणाऱ्यांच्या पडद्यावर आपण किती वेळा झळकलो. दुसरा सांगतो, त्यातले किती जण आत आले. वर्षभरात पहिला चढलाय, दुसरा उतरलाय. कारण उघड आहे. हल्ली काहीही शोधलं की शोधयंत्र स्वतःच चार ओळींचं उत्तर जुळवून वर मांडतं. ज्यांच्या पानांवरून उचललं त्यांची नावं बारीक अक्षरात कडेला. अजिंठ्याला जायला किती वेळ लागतो, फर्दापूरच्या टी-पॉइंटला आपली गाडी सोडून बस घ्यावी लागते का, गुडघे दुखणाऱ्या आजींना वर डोली मिळते का, सगळं तिथल्या तिथे. माहिती आमची, गल्ला त्यांचा. हिला सांगितलं तर म्हणाली, "मग लिहूच नका." लिहिलं नाही तर बारीक अक्षरातूनही जाऊ, हे तिला काही पटेना.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी वेरूळच्या फाटकासमोरून फोन. नाशिकचं कुटुंब, स्वतःच्या गाडीने आलेलं. "अहो, लेणी बंद आहेत! आणि उत्तराखाली तुमच्याच साइटचं नाव आहे."

माझ्या पानावर लिहिलंय ते असं : अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. पर्यटक हे दोन वार हमखास उलटसुलट करतात म्हणून दोन्ही ओळी ठळक करून पानाच्या माथ्यावर ठेवल्यात. त्या गृहस्थांनी पाठवलेल्या फोटोत यंत्राने त्याचं केलंय, 'दोन्ही लेणी सोमवारी बंद असतात.' बिचारे सोमवार टाळून मुद्दाम मंगळवारी आले. त्यांना म्हटलं, घृष्णेश्वराचं दर्शन घ्या, येताना खुलताबादला भद्रा मारुती करा, संध्याकाळी मकबरा बघा आणि लेण्यांना उद्या या. एक मुक्काम वाढला त्यांचा. रागावले होते, आणि रागावले माझ्यावर.

उत्तराखाली अंगठा उलटा करायची खूण असते, ती दाबली. 'धन्यवाद' असं आलं. पुढे काय? सरकारी कचेरीत निदान टेबल असतं, टेबलामागे माणूस असतो, तो जेवायला गेलेला असतो, पण असतो. इथे जेवायला जाणाराही कुणी नाही.

चाचा दुपारी गाडी धुताना म्हणाले, "भाऊ, मशीन को क्या मालूम मंगल का." चाचा चाळीस वर्षं या रस्त्यावर गाडी चालवतायत. त्यांना कोणी विचारत नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

गुलमंडीवर गर्दीत असताना फोन. "सर, महिन्यात पहिल्या पानावर, गॅरंटी." दिवाळी ऑफर होती. ही मुलं फोन करतात तेव्हा आवाजात इतका विश्वास असतो की क्षणभर आपल्यालाही वाटतं, होईलही. विचारलं, कसं आणणार? म्हणाला, बॅकलिंक. म्हणजे कुठल्या कुठल्या साइटींवर माझ्या साइटचे दुवे पेरायचे, पैसे देऊन.

खुद्द गुगलच आपल्या सूचनांमध्ये लिहून ठेवतं की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही. दुवे विकत घेणाऱ्यांना एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' नावाच्या बदलाने झोपवलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी 'पांडा' आला, त्याने पोकळ मजकुराची पानं खाली ढकलली. प्राण्यांची नावं गोंडस, काम कसायाचं. तरी हे विकणारे विकतायत आणि घेणारे घेतायत. पानाच्या पोटात शोधशब्दांची दडवलेली यादी भरायचे पैसे आमच्याकडे अजून लावले जातात. क्रम लावताना ती यादी आपण बघतच नाही, हे गुगलने २००९ मध्येच जाहीर करून टाकलंय.

ओळखीतल्या एका हॉटेलवाल्याने असे दुवे घेतले होते. दोन महिने वर होता, मग असा गायब झाला की हॉटेलचं पूर्ण नाव टाकलं तरी सापडेना. ज्याने पैसे घेतले त्याचा फोन लागत नाही.

सगळ्या धंद्याचा वाईटपणा माझ्या मते इथे आहे : नियम सांगणारा कोण ते ठाऊक आहे, पण नियम नक्की कसे चालतात हे तो सांगत नाही, म्हणून मधल्या मध्ये भविष्य सांगणाऱ्यांचं फावतं. पान पटकन उघडावं, फोनवर नीट दिसावं, शीर्षक साफ असावं, एवढं खरं. बाकीच्यातलं बरंचसं कुडमुड्या जोशाचं काम.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज स्टेशनचंही नाव बदललं. १९०० साली निजामाच्या राज्यात सुरू झालेलं औरंगाबाद स्टेशन आता छत्रपती संभाजीनगर. कोड एडब्ल्यूबी जाऊन सीपीएसएन आला. चाचा संध्याकाळी स्टेशनवरून पाहुणे घेऊन आले. "नाम बदल गया, रस्ता तो वहीच है ना."

रस्ता तोच आहे, पण माझ्या दुकानाला रस्त्याने गिऱ्हाईक येत नाही, नावाने येतं. शहराचं नाव बदलायची मागणी १९८८ पासूनची. १९९५ मध्ये युती सरकारने अधिसूचनेपर्यंत नेलं, पुढे ते मागे पडलं. मग जून २०२२ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाचा ठराव, २४ फेब्रुवारी २०२३ ला केंद्राची मंजुरी, त्याच सप्टेंबरात जिल्हा आणि विभाग. ८ मे २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. कायद्याच्या दृष्टीने विषय संपला.

शोधपेटीच्या दृष्टीने आत्ता कुठे सुरू झालाय. राजपत्रात काय छापलं त्याच्याशी यंत्राला कर्तव्य नाही, लोक काय टाइप करतात ते ते बघतं. आणि लोक? परदेशी पाहुणा रोमनमधून औरंगाबादच लिहितो, कारण त्याच्या हातातलं जुनं प्रवासपुस्तक तसं सांगतं. मुंबईचा माणूस 'छत्रपती संभाजीनगर' लिहितो. घाईतला नुसतं 'संभाजीनगर' लिहितो आणि त्याला चिंचवडचं संभाजीनगरही दिसतं. 'सीएसएन' लिहिणारी नवी पोरं आहेत. मराठी माणूस वेरूळ लिहितो, हिंदीवाला एलोरा, आणि वेरूळमधला रू कधी ऱ्हस्व, कधी दीर्घ.

आता ही सगळी नावं पानावर घालावीत, तर तेच तेच शब्द कोंबणं हा यंत्राच्या लेखी गुन्हा. न घालावीत, तर त्या त्या नावाने शोधणाऱ्याला आपण नाहीच. म्हणून मी वाक्यं अशी लिहितो : 'छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, वेरूळ साधारण तीस किलोमीटर.' वाचणाऱ्याला अडखळायला होतं, मलाही होतं. नावावरून मत असलेले दोन्ही बाजूंचे लोक मेल करतात : एकाला 'पूर्वीच्या' खटकतो, दुसऱ्याला 'औरंगाबाद'. मी फक्त गाड्या पाठवतो हे दोघांनाही सांगून पाहिलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आज छठ. आणि दरवर्षीप्रमाणे फोन : "भैया, देव के लिए गाड़ी मिलेगा?"

बिहारमध्येही औरंगाबाद आहे, जिल्ह्याचं ठिकाण. त्याच्याजवळ देव नावाच्या गावी सूर्यमंदिर आहे आणि छठला तिथे मोठी यात्रा भरते. ते लोक 'औरंगाबाद गाड़ी' टाकतात, यंत्र कधीकधी मला पुढे करतं. सकाळपासून किती जणांना सांगितलं की आम्ही महाराष्ट्रातले. एक बाई पाटण्याहून बोलत होत्या. नाव कळल्यावर म्हणाल्या, "आपका तो नाम बदल गया न? फिर औरंगाबाद काहे लिखे हैं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी अजिंठ्याची चौकशी केली, जानेवारीत यायचं म्हणाल्या. चुकून आलेल्या फोनांत कामाचा असा एखादाच.

३० ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीजेला ताईबरोबर आलेला भाचा अजून इथेच आहे. पुण्यात याच कामात असतो. त्याने साइटची चिरफाड करून ठेवली. "मामा, पत्ताच बदला. नव्या नावाचा घ्या, जुन्यावरून नव्यावर कायमचा वळसा लावा, तीनशे-एक म्हणतात त्याला. निदान वर्षभर तो काढायचा नाही. हळूहळू सगळा मान नव्या पत्त्याकडे जातो."

हळूहळू म्हणजे किती? त्याने हात वर केले. मधल्या काळात वरखाली होणार, हे त्यालाही मान्य. सुट्ट्यांचा हंगाम जानेवारीपर्यंत आहे. तोवर वरखाली व्हायला माझी ना नाही, पण गाड्यांचे हप्ते वरखाली होत नाहीत.

मग जुनी फाइल निघाली. साइट पहिल्यांदा केली तेव्हा युनिकोड आमच्या गल्लीत पोचलं नव्हतं. पैठण गेटच्या डीटीपीवाल्याने श्रीलिपीत मजकूर बसवला होता. फॉन्ट असेल त्याला सुंदर मराठी दिसायची. यंत्राला मात्र त्यात रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसायची, म्हणून मराठीत शोधणाऱ्याला आम्ही कधी सापडलोच नाही. पुढे सगळं पुन्हा टाइप केलं. भाच्याने त्यातही गंमत दाखवली. 'पायऱ्या' हा शब्द आमच्या पानांवर दोन प्रकारे टाइप झालाय : कुठे नुक्त्याच्या ऱ पासून, कुठे साध्या र ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखेच. साइटवरच्या शोधपेटीत एक टाकला की दुसरा सापडत नाही. वेरूळच्या 'पायऱ्या' आजवर माझ्याच घरात लपलेल्या होत्या. दोघांनी बसून रात्रीत सगळ्या एकसारख्या केल्या. या सगळ्या भानगडीत मनापासून मजा आली ती एवढ्याच कामात.

६ नोव्हेंबर, गुरुवार

एका भल्या मोठ्या प्रवासाच्या साइटवर माझं डोलीचं टिपण शब्दशः सापडलं. मी 'डोलीवाल्यांशी भाव आधीच बोलून घ्या, वर गेल्यावर नाही' असं लिहिलं होतं, तेही तसंच. वर एक परिच्छेद नवा : अजिंठा निसर्गाच्या कुशीत वसलेलं आहे वगैरे. ते पान माझ्या वर आहे. लिहिणारा इथे येऊन गेला असेल असं वाटत नाही, कारण खाली वाघूर नदीचं नाव गोदावरी केलंय.

तक्रारीचा अर्ज भरला. अर्ज इंग्रजीत होता.

भाचा सांगत होता, मोठ्यांचंही असंच असतं. भारत मॅट्रिमनीवाल्यांनी आणि जयपूरच्या 'कट्स' या ग्राहकसंस्थेने गुगलविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली २०१२ मध्ये. शोधाच्या निकालात पक्षपात केला म्हणून दंड झाला फेब्रुवारी २०१८ मध्ये, १३५.८६ कोटी. अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ ला गुगलची शोधातली मक्तेदारी बेकायदा रीतीने टिकवलेली आहे असा निकाल दिला. यंदा २ सप्टेंबरला उपाय ठरले : काही माहिती स्पर्धकांना द्यायची, क्रोम मात्र विकायला नको. वाचून बरं वाटलं. पण भारत मॅट्रिमनीला सहा वर्षं लागली, आणि त्यांच्याकडे वकील होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

नव्या नावाचा पत्ता बघायला बसलो. रोमनमध्ये छत्रपतीला 'एच' एक की दोन? 'जे' नंतर 'आय' एक की दोन 'ई'? नगर जोडून की मध्ये आडवी रेघ? लोक सगळ्या तऱ्हांनी लिहितात, म्हणजे सगळेच घ्यावे लागतील. त्यातला सरळ, सोपा होता तो कुणीतरी आधीच घेऊन ठेवलाय, पानावर एवढंच लिहिलंय : विकणे आहे. किंमत विचारली. त्या पैशात चाचांच्या गाडीला चार नवे टायर आले असते.

टायर घेतले. जुन्या पत्त्याचे पुढच्या वर्षाचे पैसे भरले, आणि मुखपानावर मोठ्या अक्षरात ओळ टाकली : 'छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद), महाराष्ट्र. बिहारचं नव्हे.' भाचा फोनवर म्हणाला, मामा, आता 'बिहार' शब्दावर पण वर याल.