आठशेचे शॉकअप

रविवार. मारुती आठशेचे चारही शॉकअप आज बदलून झाले. पुढचं जुनं नळकांडं फडक्याने पुसलं, तर गळलेल्या तेलाचा काळा, चिकट थर बोटांना लागला. दांडा दाबला की मुकाट आत जायचा. स्प्रिंग वजन पेलते, पण तिची उसळी आवरतो तो शॉकअप, आतलं तेल बारीक भोकांतून ढकलून. मी गॅसचे घेतले. नायट्रोजनच्या दाबामुळे खराब रस्त्यावर तेलाला सहसा फेस येत नाही.

मित्र म्हणत होते, कडक स्प्रिंगा टाक, गाडी खाली बसव. कशाला? १२ इंची चाकं आणि आपल्याकडचे ते गतिरोधक! पोट घासलं असतं, दुसरं काय. त्यापेक्षा स्ट्रट माउंटिंग आणि बुश नवे टाकले. निम्मी खडखड तिथेच गेली. खर्च किरकोळ, म्हणून त्याची बढाई कुणी मारत नाही.

वळणावर गाडी अजूनही कलते, पण डुलत नाही.

तुमचीही गाडी जुनी असेल, तर बॉनेटचा कोपरा दाबून सोडा. वर येऊन थांबली तर ठीक. हिंदकळत राहिली, तर शॉकअप जोडीनेच बदला आणि अलाइनमेंट करून घ्या.