कायमचे आलात का?

परदेशातून परत आलेल्या नवरा-बायकोला आपल्याकडे पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न हटकून विचारतात. "कायमचे आलात का?" दूधवाला विचारतो, बँकेतला कारकून विचारतो, लग्नात शेजारच्या खुर्चीवरच्या लांबच्या मावशीही विचारतात. इतकी वर्षं मी बघते आहे, उत्तर नवरा देतो. "हो, आता कायमचे!" बायको नुसती हसते. मला तिच्याकडे बघायची खोड आहे. जन्मभर वर्गात उभी राहिले, त्यामुळे उत्तर देणाऱ्या मुलापेक्षा गप्प बसलेल्याकडे आधी लक्ष जातं.

'दोघं आपल्या घरी परत आली' असं आपण सहज म्हणतो. पण कुणाच्या घरी? बाईला आधीच दोन घरं असतात. माझं माहेर सांगली, सासर सातारा. नदी दोन्हीकडे कृष्णाच, माहुलीचं पाणी पुढे सांगलीच्या घाटाला जातं. साताऱ्यात पन्नास वर्षं काढली, तरी सांगलीला निघाले की तोंडात "घरी जाऊन येते" असंच येतं. ह्यांनी एकदा विचारलं होतं, "मग हे काय आहे?" असो. मी तर एकशेवीस-पंचवीस किलोमीटरचीच बाई. ज्या सातासमुद्रापलीकडे जातात त्यांचं तिसरं घर होतं, आणि गंमत अशी की तेवढं एकच त्यांनी स्वतः मांडलेलं असतं. तिथे डबे कुठे ठेवायचे हे सांगायला सासू नसते.

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या फलटणचं उदाहरण मला म्हणूनच फार आवडतं. अनिल राजवंशी हे लखनौचे, आयआयटी कानपूरला शिकलेले, पुढे अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात डॉक्टरेट घेऊन तिथेच शिकवणारे. त्यांच्या पत्नी नंदिनी निंबकर यांनीही त्याच विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. १९८१ मध्ये दोघं परत आली, ती लखनौला नाही, तर फलटणला. म्हणजे बायकोच्या माहेरी! नंदिनीताईंचे वडील बनबिहारी निंबकर यांनी तिथे १९६८ मध्ये शेती संशोधन संस्था काढलेली होती. करडई, गोड ज्वारी, कंदिलाच्या उजेडात नि चुलीच्या धुरात दिवस काढणाऱ्यांसाठी सुधारित कंदील आणि स्टोव्ह, अशी कामं दोघांनी तिथे वर्षानुवर्षं केली. राजवंशींना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. लोक त्यांच्या त्यागाबद्दल बोलतात. मला मात्र वाटतं, ते टिकले ते हाताला काम होतं म्हणून, आणि दोघांपैकी जिला गाव ठाऊक होतं ती बाई होती म्हणूनही.

त्याच घरात एक पिढी मागे जा. बनबिहारींच्या आई कमलाबाई या जन्माने अमेरिकन, मूळच्या एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा त्यांनी सुरू केली, ती आपल्या देशातली पहिली. आणि गौरी देशपांडे! बरीच वर्षं परदेशांत काढलेली ही लेखिका फलटणजवळच्या विंचुर्णीला तळ्याकाठी येऊन राहिली. त्यावरचं 'विंचुर्णीचे धडे' आमच्या भिशीत इतक्या हातांतून फिरलं की पुठ्ठा सुटला. विंचुर्णी हे त्यांचं सासरही नव्हे नि माहेरही नव्हे. थोरली बहीण जाई निंबकर फलटणला होती एवढंच. दोघांपैकी कुणाचंच नसलेलं गाव निवडणं हा मला तरी शहाणपणाचा मार्ग वाटतो.

आता ह्याची उलटी बाजू. माझी एक मामेबहीण अमेरिकेत बावीस वर्षं राहून नवऱ्यासह सांगलीला परत आली, विश्रामबागेत फ्लॅट घेतला. हट्ट तिचा. मेहुणे मूळचे नागपूरचे. सुरुवातीला त्यांची इतकी गंमत व्हायची! जिथे जातील तिथे 'जावईबापू'. पहिल्या पानाला बसवायचे, पण गप्पांत घ्यायचे नाहीत. हरभट रोडवर दोन पावलं चाललं की हिला चार ओळखीचे भेटणार, आणि हे पिशवी धरून बाजूला उभे. वर्षभराने मला म्हणाले, "ताई, या गावात मला स्वतःचं नावच नाही." मी म्हटलं, "भावजी, आम्हा बायकांचं लग्नानंतर असंच होतं, फक्त आम्हाला कुणी पहिल्या पानाला बसवत नाही." हसले बिचारे. मग शेजारच्या मुलांना गणित शिकवायला लागले, आता 'नागपूरचे सर' म्हणून ओळखतात.

परदेश म्हणजे काही विमानानेच गाठावा लागतो असं नाही. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. विट्याला जाताना एसटीत एक बाई शेजारी बसल्या होत्या. तीस वर्षं तमिळनाडूत काढून गावी परतलेल्या. लेकीशी मोबाईलवर अस्खलित तमिळमध्ये बोलल्या आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गावात बंगला लई मोठा बांधलाय, पर भांडायला बी कोण नाही."

आमच्या गल्लीतल्या 'मस्कतच्या वहिनी' याहून वेगळ्या. आखातात एक बरं असतं नि वाईटही: नोकरी आहे तोवर राहायचं. नोकरी संपली की व्हिसा संपला, आणि बायकोचा व्हिसा बहुधा नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला. त्यामुळे परत यायचं हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. वहिनी १९८४ मध्ये गेल्या आणि २०१३ मध्ये आल्या. तिथे रुवीत त्यांचा संसार, भारतीय मुलांच्या शाळेत नोकरी, आणि स्वतःची गाडी. तिकडची गाडीची परीक्षा म्हणे भलतीच कडक, पिंपं मांडून त्यांच्यामधून गाडी उलटी घालायची. दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाल्या. मग सुट्टीच्या दिवशी मत्र्याच्या बंदरावर मासळी आणायला एकट्या जायच्या.

साताऱ्याला आल्या त्या नवऱ्याच्या वडिलोपार्जित घरात. सासूबाई तेव्हा पंच्याऐंशीच्या. वाईट नव्हत्या हो, पण मिसळणाचा डबा ओट्याच्या डावीकडेच हवा! यजमान आठवड्यात रुळले. शाळेतले मित्र गावातच, सकाळी सगळे मिळून अजिंक्यताऱ्यावर फिरायला. पुरुषांचे बालमित्र गावात सापडतात, बायकांच्या मैत्रिणी मात्र लग्न होऊन चहूकडे गेलेल्या असतात. त्यातून वहिनींचं माहेर पार चंद्रपूरकडचं. ज्या बाईने तिथे वीस वर्षं पगार आणला, ती इथे मंडईत जायचं तरी "कुणी सोडतं का?" म्हणून वाट बघत दारात उभी राहायची. एकदा आमच्याकडे चहा घेताना म्हणाल्या, "बाई, घराचा वरचा मजला माझ्या पगारातून झालाय." तक्रार नव्हती. पावती दाखवावी तसं सांगितलं. खाली दारावर पाटी सासऱ्यांची आणि यजमानांची.

सासूबाई २०१९ मध्ये गेल्या. मुलगी कॅनडात, ती म्हणाली इकडे या. यजमान म्हणाले, "आता कुठे जायचं? आपलं घर इथे." त्या दिवशी वहिनी पहिल्यांदा मोठ्याने बोलल्या, भिंतीपलीकडून मला ऐकू आलं. "कॅनडा नको, पण हे आपलं कधी झालं ते मला सांगा." बराच वेळ काही आवाज नव्हता. मी गॅस बारीक करून ऐकत उभी होते, हे कबूल करायला हरकत नाही!

नंतर काय ठरलं ते मला कुणी सांगितलं नाही, दिसलं तेवढं लिहिते. त्या वरच्या मजल्यावर राहायला गेल्या, दोघंही. नवा ओटा घातला. मिसळणाचा डबा उजवीकडे आहे, मी मुद्दाम पाहून आले. यजमान दुपारची भाजी चिरतात. आणि बासष्टाव्या वर्षी वहिनींनी शिकाऊ लायसन्स काढलं. इथे आठ आकडा काढून दाखवायचा असतो. म्हणाल्या, "पिंपांपुढे हे काहीच नाही." जुनी मारुती घेतली. पाटी अजून बदललेली नाही. पण पत्र घेऊन येणारा पोस्टमन आता "मस्कतच्या बाईंचं घर" असं विचारतो.

येत्या गुरुवारी औंधला जायचं घाटतंय, यमाईचं दर्शन आणि संग्रहालय. यजमानांना गुडघ्यामुळे मागे पाय लांब करून बसायचंय, म्हणून पुढची जागा माझी. पाण्याची बाटली आणि लाडू मी आणणार आहे.