४३१२ नंतर ८८०७

मुलुंड (पश्चिम)

चि. सोनूस,


तुझा मेसेज वाचून हसू आलं. "मावशी, काल ४३१२ पर्यंत आले होते आणि आज पहिलाच फोटो ८८०७! मधले साडेचार हजार कुठे गेले?" अगं, जायला ते काढलेच कुठे होतेस! मैत्रिणीचं कार्ड घातलंस, तिचा कॅमेराही तुझ्याच कंपनीचा, आणि कार्डावर तिचा ८८०६ नंबरचा फोटो. कॅमेऱ्यानं आपला शेवटचा आकडा बघितला, कार्डावरचा सर्वांत मोठा आकडा बघितला, आणि जो मोठा त्याच्या पुढून मोजायला लागला. बिघाड काही नाही. फक्त तिचे फोटो अजून त्यावर आहेत, तेव्हा तिला विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नकोस.

एवढं फोनवरही सांगता आलं असतं. पण ताई म्हणाली, तू बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या ट्रॅप कॅमेऱ्यांचे फोटो लावायला मदत करणार आहेस. तिथे हा विषय गमतीचा राहत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

कॅमेऱ्याचा आकडा म्हणजे रिक्षाचा मीटर. किती पळाला ते सांगेल. कोण बसलं, कुठे उतरलं, ते त्याच्या गावीही नसतं. आणि हा मीटर पाच आकडी सुद्धा नाही. १९९८ साली जपानी इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेनं एक नियम ठरवला, डीसीएफ नावाचा, की कुठल्याही कॅमेऱ्याचं कार्ड दुसऱ्या कॅमेऱ्यात, प्रिंटरमध्ये उघडलं पाहिजे. म्हणून प्रत्येक कार्डावर 'डीसीआयएम' फोल्डर, त्यात १०० ते ९९९ आकड्यांनी सुरू होणारे फोल्डर, आणि आत चार अक्षरं नि चार आकडे एवढ्याच लांबीची नावं. जुन्या डॉसमध्ये नाव आठ अक्षरांपलीकडे जात नसे, त्याचं हे शेपूट. ९९९९ झाले की नवा फोल्डर आणि पुन्हा ०००१. फोल्डर ९९९ वर पोचून आतही ९९९९ भरले, तर कार्डात जागा असूनही शटर दबत नाही. तुझ्या आयुष्यात ते सहसा यायचं नाही, पण कोणी सारखी कार्डं अदलाबदल करून आकडा फुगवत नेला तर येऊ शकतं. रंगांच्या सेटिंगमध्ये अडोबी आरजीबी निवडलंस तर नावाच्या सुरुवातीला आडवी रेघ येते आणि ते फोटो यादीत भलतीकडे जाऊन बसतात. तेव्हा घाबरू नकोस.

आमच्या फोटोग्राफीच्या धंद्यात या चार आकड्यांवर अल्बम ठरतो. लग्न झालं की फोटो पेन ड्राइव्हमध्ये घालून द्यायचे, घरचे रात्री जेवणं उरकून बसतात, नि वहीच्या पानावर नंबर उतरवून आणतात. आता हॉलमध्ये कॅमेऱ्याच्या दोन बॉडी चालू असतात, एक स्टेजवर, एक कँडिडला. लग्नसराईत दोन्हींचे मीटर कधी ना कधी एकाच आकड्यावर येतातच. वहीत लिहिलेलं असतं '३४१७ मोठा करा'. एका ३४१७ मध्ये अंतरपाट दूर झाल्या क्षणीचा नवरीचा चेहरा, दुसऱ्या ३४१७ मध्ये पंगतीतले कोणी काका, हातात मसालेभाताचं ताट, तोंड उघडं. फोटोग्राफरला कळतं कुठला मोठा करायचा. पण अल्बम लावणारा मुलगा संगणकावर बसलेला असतो, त्याला लग्नातलं कोणी माहीत नसतं. म्हणून आम्ही बॉडीमध्येच नाव बदलून ठेवतो. निकॉनमध्ये 'डीएससी'ची तीन अक्षरं बदलता येतात, कॅननच्या वरच्या मॉडेलांतही सोय आहे. एक बॉडी 'एमए१', दुसरी 'एमए२'. विषय संपला.

पार्कात तो संपत नाही, कारण तिथले कॅमेरे बऱ्याचदा सगळे एकाच नावानं सुरू करतात. झाडाला बांधलेल्या प्रत्येक डब्यात ०००१ आहे. आणि हे डबे उष्णता नि हालचाल यांवर चालतात, त्यामुळे उन्हात तापलेलं गवत हललं तरी फोटो. बिबट्याच्या एका फोटोसाठी गवताचे, माकडांचे, कुत्र्यांचे, वाटेवरच्या माणसांचे ढीग उपसावे लागतात.

आता मुख्य मुद्दा. बिबट्या ओळखतात अंगावरच्या ठिपक्यांवरून, आणि डाव्या कुशीची नक्षी उजव्या कुशीसारखी नसते. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, एकाच वेळी दोन्ही कुशी मिळाव्यात म्हणून. पण दोघांचे आकडे कधीच जुळत नाहीत. एक जण मधेच वानराचा फोटो काढतो, दुसरा काढत नाही, आणि आठवड्याभरात एक २१२ वर तर दुसरा ५४० वर. जोडी लावायला हाताशी एकच गोष्ट उरते, वेळ. समज एका डब्याचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे, आणि आई नि तिचं मोठं झालेलं पिल्लू थोड्या अंतरानं गेले. आईची डावी कूस पिल्लाच्या उजव्या कुशीला चिकटली की जगात नसलेला एक बिबट्या कागदावर जन्माला येतो.

२०१५ मध्ये वन्यजीव अभ्यासक निकित सुर्वे यांनी वन विभागाच्या साथीनं अशी मोजणी केली तेव्हा ३५ वेगवेगळे बिबटे ओळखले गेले; २०१८ च्या मोजणीत ४७. पार्क सुमारे १०४ चौरस किलोमीटरचा, त्याच्या एका अंगाला तुमची बोरिवली, दुसऱ्या अंगाला आमचं मुलुंड, माणसांनी गच्च. तिथे ३५ आणि ४७ यांवर वर्तमानपत्रं चालतात, सोसायट्यांच्या सभा तापतात. त्या आकड्याच्या पायाशी कोणीतरी रात्री बसून लावलेल्या कुशींच्या जोड्या असतात.

म्हणून कॅमेरा लावताना पहिला फोटो पाटीचा. पाटीवर जागेचा क्रमांक, डावा की उजवा, तारीख आणि मोबाइलवरची वेळ. दोन्ही डब्यांसमोर तीच पाटी. कार्ड काढतानाही तसंच. मग घड्याळ कितीनं चुकतंय ते फोटोच सांगतो. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे वनाधिकारी १९२० च्या दशकात वाघाच्या वाटेवर तार ताणून रात्री फोटो काढत. तार एकदा ओढली गेली की फोटो एकच. नोंद वहीत करायला त्यांना सकाळ मोकळी होती. तुला हजारोंचा ढीग मिळणार आहे, त्यामुळे नोंद ढिगाच्या आतच असायला हवी.

वेळेवर इतका भर द्यायला आणखी एक कारण आहे, जे कार्ड विकणारे सांगत नाहीत. फोटोचं नाव फोटोत नसतं. ते कार्डाच्या हजेरीपटात असतं. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांत फोटो डिलीट केलास की त्या पटातल्या नावाचं पहिलं अक्षर खोडलं जातं नि ती जागा मोकळी म्हणून नोंदली जाते, पण फोटो जागच्या जागी असतो, वर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून चुकून उडालं तर एकच करायचं, कार्ड ताबडतोब बाहेर काढायचं. मग रिकव्हरीत फोटो मिळतात, पण पटच करप्ट झाला असेल तर नावाविना मिळतात, सॉफ्टवेअर आपल्या मनानं नवे नंबर घालतं. तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल हे मात्र फोटोच्या पोटात लिहिलेलं असतं, ते बरोबर येतं. आकडा हरवतो, वेळ राहते. घड्याळ नीट लाव म्हणून तुझा इतका जीव खाते आहे, ते त्यासाठी.

कार्ड खाली करताना कापून चिकटवू नकोस, कॉपी कर. दोन ठिकाणी कॉपी झाली, दोन्हीकडे फाइलींची संख्या जुळली, दोनचार मधले फोटो उघडून बघितले, मगच फॉरमॅट, आणि तोही ज्या कॅमेऱ्यात कार्ड जाणार त्याच कॅमेऱ्यात. खाली न झालेलं कार्ड एसडी असेल तर बाजूची छोटी कळ खाली ओढून ठेव. लॉक झालेल्या कार्डावर कॅमेरा लिहीतच नाही. मग कॉपी केलेल्या फोटोंची नावं बदल. आधी वर्ष, महिना, दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमानं लागते, मग जागा, मग डावा-उजवा, आणि शेवटी कॅमेऱ्यानं दिलेलं मूळ नाव जसंच्या तसं. ते पुसायचं नाही. ०२११ नंतर ०२१४ आलं तर मधले दोन कुठे गेले हे विचारायची सोय त्यामुळेच राहते. म्हणूनच कॅमेऱ्यातच नको ते फोटो उडवायचे नाहीत. गवत वाटलं तरी नाही. खोडायचं काम घरी.

कार्ड स्वस्त मिळालं म्हणून फूटपाथवरून घेऊ नकोस. वर १२८ जीबी छापलेलं असतं, आत ८ असतं, आणि भरलं की मागचे फोटो गुपचूप खाऊन टाकतं. फोर्टात बोराबाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथे पक्क्या बिलावर घे. नवं कार्ड एकदा पूर्ण भरून वाचून बघणारी मोफत सॉफ्टवेअरं आहेत, ती चालवून मगच पार्कात ने.

ताईनं परवा फोन करून सांगितलं, 'मुंजीतला ०४१२ पाठव, मी हिरव्या साडीत आहे तो.' तिला म्हणावं, माझ्याकडे ०४१२ चिकार आहेत, आणि हिरव्या साड्याही. कोणाची मुंज नि कुठलं साल, एवढं कळव, लगेच पाठवते.

तुझी,
मावशी