बर्फाच्या वाटेवरचा वाटाड्या

मुंबईच्या मुलाला समुद्र ठाऊक असतो. भरतीच्या लाटा कठड्यावर कशा आदळतात आणि श्रावणातली सर किती वेळ टिकते, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. बर्फ मात्र त्याला ठाऊक नसते. त्याच्या ओळखीचे बर्फ म्हणजे चौपाटीवरच्या गोळेवाल्याने किसलेले, काडीला चिकटलेले आणि लाल सरबतात भिजून कोपरापर्यंत ओघळणारे बर्फ! आकाशातून अलगद उतरणारे, छपरांवर साचणारे, पावलाखाली कुरकुरणारे बर्फ त्याने चित्रातच पाहिलेले असते. म्हणूनच की काय, त्या बर्फाची त्याला फार ओढ असते.

गिरगावातल्या एखाद्या चाळीत काश्मीरच्या सहलीचा बेत निघाला, की गॅलरीत सभाच भरते. कुणी रजेचा हिशेब मांडतो, कुणी आगगाडीच्या आरक्षणाचा, तर कुणी खर्चाचा. धाकट्या मंडळींचे लक्ष मात्र बर्फावरच्या खेळांकडे असते. स्की म्हणजे पायांना बांधायच्या दोन लांब, अरुंद पट्ट्या. हाती दोन काठ्या घेऊन उतारावरून घसरत जायचे. स्नोबोर्ड म्हणजे एकच रुंद फळी. तिच्यावर दोन्ही पाय आडवे बांधायचे आणि अंगाचा तोल सांभाळत खाली यायचे. हे सारे कोठे शिकता येईल? काश्मीरमध्ये श्रीनगरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर गुलमर्ग आहे. गुलमर्ग म्हणजे फुलांचे कुरण; पण हिवाळ्यात ते फुलांऐवजी बर्फाने भरून जाते. ६ जून २०२५ पासून काश्मीर खोरे आगगाडीने उर्वरित देशाशी जोडले गेल्यामुळे तो प्रवासही पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही.

"नाताळची सुट्टी सोयीची आहे, तेव्हाच जाऊ या," असे सर्वांचे ठरते. इतका वेळ गप्प बसलेले आजोबा तेवढ्यात विचारतात, "अरे, पण तिथल्या माणसाला कुणी विचारलेत का?"

या एका प्रश्नाने सभा शांत होते. सुट्टी केव्हा आहे, हे मुंबईचे कॅलेंडर सांगते. बर्फ केव्हा आहे, हे मात्र काश्मीरच्या माणसाला विचारावे लागते. आपल्या शेतकऱ्याजवळ मृग, आर्द्रा अशी नक्षत्रे असतात, तशी काश्मिरी माणसाजवळ थंडीची मोजणी असते. २१ डिसेंबरच्या सुमारास 'चिल्लई कलान' सुरू होतो. तो कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ. त्यानंतर वीस दिवसांचा 'चिल्लई खुर्द' येतो आणि शेवटी दहा दिवसांचा 'चिल्लई बच्चा'. चिल्लई कलानमध्ये पडलेले बर्फ गोठून टिकते, एकावर एक थर चढतात आणि मग उतार खेळण्याजोगे होतात. म्हणून तेथील जाणता माणूस सांगतो, "नाताळात बर्फ असेलच असे नाही. जानेवारीची अखेर आणि फेब्रुवारी अधिक भरवशाची. तरीही निघण्यापूर्वी पुन्हा एकदा विचारा."

हे 'पुन्हा एकदा' फार मोलाचे आहे. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गची कुरणे बराच काळ उघडीबोडकी होती. बर्फ पाहायला आलेले प्रवासी हिरमुसले. पुढच्याच वर्षी 'खेलो इंडिया'च्या हिवाळी स्पर्धांतील गुलमर्गचे सामने फेब्रुवारीत व्हायचे होते. पुरेसे बर्फ नसल्याने ते पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावे लागले. जिथे देशाच्या स्पर्धांनाही निसर्गाची वाट पाहावी लागते, तिथे चाळीतल्या बेताची काय कथा!

स्थानिक माणसाच्या शब्दाचे मोल मुंबईकराला खरे तर कुणी सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरही पडला नाही. एकाच शहरात एवढे अंतर! जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, की दादर-परळच्या सखल भागात पाणी तुंबते. परगावचा पाहुणा अशा वेळी हिंदमाताच्या बाजूला निघाला, तर परळचा दुकानदार त्याला हाक मारून थांबवतो. २०१३ साली गणेशविसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीच्या पाण्यात उतरलेल्या अनेकांना पाकट माशांनी दंश केला होता. पाकट उथळ पाण्यात वाळूत दडून बसते आणि पाय पडला, की शेपटीचा काटा मारते. समुद्रावर जगणाऱ्या कोळ्याला ही गोष्ट ठाऊक असते. लांबून आलेल्या भक्ताला ती कोठून ठाऊक असणार? जे ज्ञान सागराच्या काठी कोळ्याजवळ असते, तेच ज्ञान पर्वताच्या कुशीत पहाडी माणसाजवळ असते.

सुज्ञ प्रवाशाची विचारपूस मुंबईतच सुरू होते. हिवाळ्यात परळच्या बाजूला तिबेटी विक्रेते लोकरी कपड्यांची दुकाने मांडत आले आहेत. थंडी म्हणजे काय, हे त्यांच्या घराण्यांना चांगले ठाऊक आहे. एक जाडजूड कोट घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर अंगावर घालणे चांगले. कारण थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. सुती कपडा मात्र घामाने भिजला, की वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतो. बर्फावर काळा चष्माही हवाच. ताज्या बर्फावरून सूर्याचे बहुतेक किरण परत उसळतात आणि उघड्या डोळ्यांना इजा करतात. सह्याद्रीत भटकणारे मुंबईचे जुने गिर्यारोहक आणखी एक गोष्ट सांगतात. अनोळखी किल्ल्यावर जाताना पायथ्याच्या गावातला वाटाड्या बरोबर घ्यावा. नकाशात वाट असते, पण काल कोसळलेली दरड नकाशात नसते.

गुलमर्गला पोहोचल्यावरही घाई करून चालत नाही. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. गुलमर्गचे कुरणच मुळी सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथून दोन टप्प्यांचा रज्जुमार्ग अफरवत पर्वतावर चार हजार मीटरांच्या जवळपास नेतो. उंचीवर हवा विरळ असते. समुद्रकाठच्या माणसाचे डोके दुखू लागते, धाप लागते, अन्नावरची वासना उडते. म्हणून पहिला दिवस विश्रांतीचा असे जाणते लोक सांगतात. दुसऱ्या दिवशी शिक्षक सौम्य उतारावर नेतो आणि सर्वांत आधी पडायला शिकवतो! पडावे कसे, उठावे कसे आणि थांबावे कसे, हे आल्यावाचून वेगाने जाण्याला अर्थ नाही.

येथवरचा सल्ला ऐकणे फारसे कठीण नाही. खरी कसोटी पुढे असते. शेवटच्या दिवशी सकाळी ऊन पडलेले असते. रात्री भरपूर बर्फ पडून उतार दुधासारखा पांढरा झालेला असतो. मन म्हणते, "आज नाही तर कधीच नाही." आणि नेमक्या त्याच सकाळी वाटाड्या मान हलवतो, "वरच्या उतारावर आज जायचे नाही."

त्याला असे काय दिसते, जे आपल्याला दिसत नाही? डोंगरावरचे बर्फ हा एकसंध दगड नव्हे. भाकऱ्यांच्या चवडीप्रमाणे त्यात थरांवर थर असतात. त्यातला एखादा थर कच्चा, भुसभुशीत राहतो. त्यावर रात्रीतून नव्या बर्फाचा भार पडला, की वरचा सारा थर सुटण्याच्या बेतात येतो. चाळीचा जिना जेवढा चढणीचा असतो, साधारण तेवढ्याच चढणीचे उतार यात सर्वांत धोक्याचे. मग एका माणसाचा भारही पुरतो. थर फाटतो आणि काही क्षणांत हजारो मण बर्फ खाली झेपावते. यालाच हिमलोट म्हणतात. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवतच्या उतारावर अशाच हिमलोटात पोलंडहून आलेल्या दोन स्कीपटूंचा अंत झाला. अशी संकटे वारंवार येतात, म्हणूनच बर्फावर पहारा ठेवणारी पथके तेथे रोज धोक्याची सूचना देतात.

अशा वेळी खर्च झालेले पैसे आठवतात, संपणारी सुट्टी आठवते. तरीही 'नाही' हा शब्द मुकाट्याने मानतो, त्यानेच सल्ला घेतला असे म्हणायचे. आपल्याला हवे तेवढेच ऐकणे म्हणजे सल्ला घेणे नव्हे.

अर्थात, तेथे राहणारा प्रत्येक जण वाटाड्या नसतो. गाडीतून उतरताच चार माणसे भोवती जमतात आणि चौघेही आपापली वस्तू सर्वांत उत्तम म्हणून सांगतात. मग जाणता ओळखावा कसा? जो केवळ विकतो, तो प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणतो. जो जाणतो, तो आधी उलट विचारतो, "यापूर्वी बर्फावर चालला आहात का? बरोबर लहान मुले किती?" आणि वेळ आली, तर स्वतःचा रोजगार बुडवूनही तो 'नाही' म्हणतो. एकाच गोष्टीविषयी दोघा-तिघांना विचारावे, शिकवण्याचा परवाना पाहावा आणि पहारा पथकाची सूचना प्रमाण मानावी.

याच मातीतून आरिफ खान हा स्कीपटू घडला. गुलमर्गच्या उतारांवर तो अगदी लहानपणी स्की शिकला आणि २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू म्हणून उतरला. जे उतार परक्याला अनोळखी, ते त्याच्या अंगणासारखे होते.

प्रत्येक माणूस कोठेतरी जाणता असतो आणि इतर सर्व ठिकाणी पाहुणा असतो. पुढारलेल्या मुंबईचा नागरिकही बर्फावर पहिलीतल्या मुलासारखाच. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' असे आपण म्हणतो. परंतु पुढच्याने ठेच सांगितली आणि मागच्याने ती ऐकली, तरच हे शहाणपण हाती लागते. उद्या एखादा काश्मिरी मुलगा भाद्रपदातल्या गर्दीत लालबागला येईल आणि समुद्र पाहायला गिरगावला निघेल. त्याला भरतीची वेळ सांगणे, पाण्यात किती पुढे जायचे ते दाखवणे आणि वेळ पडली तर 'आज नको' म्हणून त्याचा हात धरणे, हे त्या दिवशी मुंबईच्या मुलाचे काम असेल.