टेकडी हिरवी केली, पण…

जुलै 2022. शनिवारची सकाळ, कंपनीने दिलेले एकसारखे टी-शर्ट आणि वेताळ टेकडीवर वृक्षारोपण. माझ्या वाट्याला आलेल्या जागेत नुसतं गवत होतं आणि एक मुंग्यांचं बीळ. बिळाभोवती मातीची सुबक वर्तुळं, अगदी चकलीसारखी! मी ती बुटाने सपाट केली, गिरीपुष्पाचं रोप लावलं, फोटो काढला. सोमवारी बॉसची शाबासकीही मिळाली.

पुढे ऑक्टोबरमध्ये फिरायला गेले. दोन दिवस पाऊस पडून ऊन आलं होतं. पायवाटेलगत तसंच एक बीळ दिसलं आणि त्याच्या तोंडाशी गवताच्या बियांचा ढीग. मुंग्या आतून एकेक बी आणून उन्हात टाकत होत्या. आमची आजी गच्चीवर वाळवण घालायची ना, सेम तसंच!

घरी येऊन शोधलं, तर कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हेच दृश्य पुण्यात पाहून 1835 साली लिहून ठेवलेलं. त्याने या मुंगीला नावही दिलं ‘प्रॉव्हिडेन्स’, म्हणजे पुढचा विचार करणारी. आणि मी? मी पुढचा विचार न करता तिच्याच भाईबंदांच्या कोठारावर खड्डा खणला होता.

आपल्याला वाटतं, उघडी टेकडी म्हणजे उजाड टेकडी. अभ्यासक मात्र सांगतात, की आपल्या भागातल्या अशा कित्येक टेकड्या म्हणजे तुटलेलं जंगल नाहीच. ते सॅव्हाना आहे! म्हणजे भरपूर गवत, मधूनमधून झाडं आणि जमिनीपर्यंत पोचणारं ऊन. दाट सावली आली की गवत जातं. गवत गेलं की बी नाही, बी नाही तर या मुंग्या खाणार काय?

ब्राझीलमध्ये याचा हिशोबच मांडलाय. तिथल्या सेर्राडो नावाच्या सॅव्हानात, साओ पावलो राज्यातल्या एका राखीव पट्ट्यात, आग रोखल्यामुळे झाडी दाटत गेली. कार्बन वाढला, सगळे खूश. पण 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की दाट झाडीत मुंग्यांच्या जाती 35 टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. फक्त सॅव्हानातच राहणाऱ्या जाती तर तब्बल 86 टक्क्यांनी!

आपल्या टेकड्यांना तर चारही बाजूंनी सिमेंटचा वेढा. इथून उठवलेल्या मुंगीने जायचं कुठे? 2023 मध्ये टेकडीतून जाणाऱ्या रस्त्याविरुद्ध पुणेकर रस्त्यावर उतरले, तेव्हा मीही घोषणा दिल्या. पण रस्ता नको म्हणताना, रोप लावून आपण काय पुसतोय हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही.

झाडं लावायचीच, पण रस्त्याकडेला, सोसायटीत, पार्किंगमध्ये. टेकडीवरचं गवत गवतच राहू दे. यंदा वृक्षारोपणाचा मेल आला तेव्हा मी हेच लिहून पाठवलं. ‘‘मुंग्यांसाठी?’’ बॉस हसले. मग त्यांना त्या वाळवणाचा फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिले. यंदाची रोपं ऑफिसच्या पार्किंगलगत लागली.

माझं टेकडीवरचं रोप मात्र मस्त वाढलंय. त्याच्या सावलीत बसायला छान वाटतं. खाली मुंग्यांची चकली कुठेच दिसत नाही.