अर्धा खडू

नदीवरचं धुकं कागदावर उतरवायला मला आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी शिकवलं. आपलं नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. पण माझ्या प्रत्येक चित्रावर माझ्या सहीआधी त्यांचा हक्क आहे.

चिकोडी तालुक्यातली आमची दूधगंगा सदलग्यावरून पुढं जाऊन कृष्णेला मिळते. थंडीत रात्र निरभ्र गेली की पहाटेची हवा पाण्याहून गार होते आणि पात्रातून वाफा उठतात. त्यात गुऱ्हाळांचा धूर मिसळतो. धूर उसाच्या गर्द फडावर निळा दिसतो, उजळ आभाळावर तपकिरी. धुकं दोन्हीकडं पांढुरकंच राहतं. सरांनी दाखवेपर्यंत मला हे दिसलंच नव्हतं. निसर्गचित्र म्हणजे कॅलेंडरवरचा हिमालय, अशी तेव्हा माझी समजूत होती.

जलरंग ते सोबत घेत नसत. धुक्यात हवाच ओली. कागदावरचा थर वाळेपर्यंत ऊन वर येतं आणि धुकं विरतं. म्हणून शाई आणि कोरडे पेस्टल. बोरूला चाकूनं तिरपा छेद द्यायचा आणि जवळची नाव, काठची बाभळ, लव्हाळे एवढंच शाईनं काढायचं. शाई आधी, कारण पेस्टलच्या भुकटीवर बोरू अडखळतो. मग खडू आडवा धरून हलक्या हातानं फिरवायचा, बोटानं पसरायचा. पलीकडच्या काठाला शाईचा थेंबही नाही. मी पांढऱ्या खडूला हात घातला की सर तो काढून घेत. “काय काढायलास? धुकं? ते कागदात हाय की. तू आजूबाजूचं काढ.”

एका सुट्टीत त्यांनी मला स्वतःच्या खर्चानं कोल्हापूरला नेलं, राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय दाखवायला. ‘छत्रपती शिवाजी’ या १९५२च्या चित्रपटातले चंद्रकांत, एवढीच आमच्या घरात त्यांची ओळख. त्यांची पावडर शेडिंगमधली निसर्गचित्रं पाहून मी जागचा हललो नाही. नुसत्या भुकटीतून इतकं अंतर, इतकी हवा! परतताना सर आबालाल रहिमानांविषयी बोलत राहिले. जे. जे.त शिकून कोल्हापुरात परतलेला, तिथलीच पाणी-झाडं रंगवत राहिलेला आणि १९३१ साली तिथंच गेलेला माणूस. आपल्या नदीवर आयुष्य घालवता येतं, हे मला त्या एस.टी.त कळलं.

आई घरी विड्या वळायची. खडूच्या पेटीला पैसे नव्हते आणि फुकट काही घेणं तिला खपत नसे. सर आपल्या पेटीतला एकेक खडू मोडून अर्धा मला देत, अन् तिला सांगत, “आडवा धरायला अर्धाच लागतोय, वहिनी. आख्खा उपयोगाचा न्हाई.”

ते खरंच आहे. आज नवी पेटी आणली की मीही आधी खडू मोडतो. पण सरांच्या पेटीतले दुसरे अर्धे तुकडे वर्षअखेरीलाही तसेच लांब असायचे, आणि माझे संपलेले असायचे. मग तेही ते मलाच देत.